नंतर सांगते

डेलिया ब्रँट माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं की जिन्यावरून धावायचं नाही. मी, वर्ना, ठार बहिरी आहे, पण माझ्या घरातलं लाकूड चुगलखोर आहे. कुणी धावत उतरलं की स्वयंपाकघरातल्या फळ्या माझ्या तळपायांना कळवतात आणि मला वाटतं कुठेतरी आग लागली. डेलियाने मुकाट मान डोलावली आणि पुढची तीन वर्षं ती धावतच उतरली. तिला कायम एकाच वेळी दोन ठिकाणी पोचायचं असायचं.

आमच्या घरातलं बोलणं हातांचं. त्यामुळे 'ती म्हणाली' असं मी लिहिलं की ती हातांनी म्हणाली असं समजा. कुणी तोंडाने बोललं असेल तर तसं वेगळं सांगेन. आणि 'कर्णबधिर' वगैरे गुळगुळीत शब्द मला नकोत. आम्ही बहिरे. आमच्या रॉचेस्टर शहरात बहिऱ्यांचं मोठं कॉलेज आहे, त्यामुळे इथे आम्ही इतके आहोत की किराणा दुकानातल्या पोरीसुद्धा दोन-चार खुणा शिकून घेतात. डेलिया त्यांतलीच. गावाबाहेरच्या सफरचंदाच्या बागांमधली मुलगी, शाळेत असताना दुकानात गल्ल्यावर कामाला होती. आमची माणसं चिठ्ठ्या लिहून लिहून वैतागायची आणि ती वाचून वाचून. मग ती एकेकाकडून शिकत गेली. कुणाकडून आकडे, कुणाकडून भाज्या, आणि ऑगी फिचकडून शिव्या.

ऑगी म्हणजे माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त. दोघंही वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्या काळी छापखान्यात बहिऱ्यांना चटकन काम मिळायचं, कारण त्या यंत्रांचा गोंगाट सोसायला ऐकू न येणारी माणसंच बरी पडत. नवरा गेल्यापासून ऑगी दर शुक्रवारी मला बहिऱ्यांच्या क्लबात घेऊन जातो. आम्ही तळलेला मासा खातो, पत्ते खेळतो, आणि हरलो की तो सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडतो.

कॉलेजात डेलियाने मुख्य विषय घेतला तो दुभाष्याचा. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत होते, त्यामुळे त्या विद्येतली मेख मला ठाऊक आहे. दुभाष्याने खोलीत असून नसल्यासारखं असायचं. बहिरा माणूस 'माझं पोट दुखतंय' म्हणाला की दुभाष्यानेही तोंडाने 'माझं पोट दुखतंय' असंच म्हणायचं. 'यांचं पोट दुखतंय म्हणे' असं नाही. पदरचा शब्द घालायचा नाही, दुसऱ्याचा गाळायचा नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. बरीचशी पोरं पहिल्या सहामाहीत पळून जातात. स्वतःला इतकं पुसून टाकणं तरण्या वयात सोपं नसतं.

डेलिया पळाली नाही. ती अडकली ती दुसरीकडेच. विज्ञानाचा एक तरी वर्ग सगळ्यांनाच घ्यावा लागतो म्हणून दुसऱ्या वर्षी तिने जीवशास्त्र घेतलं. तिथे त्यांना डुकराचं हृदय कापायला दिलं. त्या दिवशी ती घरी आली ती कोट न काढताच माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांचं हृदय करून मला झडपा कशा उघडतात ते दाखवू लागली. दाखवता दाखवताच म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंय."

"परवापर्यंत दुभाषी व्हायचं होतं."

"तेही व्हायचंय."

"म्हणजे दोन दगडांवर पाय."

"पाय दोन आहेत ना मला," ती म्हणाली.

डॉक्टरकीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी कॉलेजात एक सल्लागार असतो. त्याने तिला सांगितलं की मुख्य विषय कुठलाही चालतो, संगीत घ्या नाहीतर धर्मशास्त्र घ्या. रसायन, भौतिक आणि जीवशास्त्राचे ठरलेले वर्ग तेवढे बाजूने पार पाडा. 'बाजूने' म्हणताना त्याने मनगट कसं उडवलं, त्याची डेलियाने मला हुबेहूब नक्कल करून दाखवली. त्या 'बाजूने'पायी पुढे तिच्या नाकी नऊ आले. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी दुभाष्याचा सराव, संध्याकाळी दोन्हीकडचा अभ्यास. जेवण म्हणजे उभ्याउभ्या दूध आणि मक्याचे पोहे. एकदा तर दिवसभरात तिला दोन्हीकडून बोलणी बसली. दुभाष्याच्या बाई म्हणाल्या, तू स्वतःचं घालतेस. प्रयोगशाळेतला मास्तर म्हणाला, तुझ्या वहीत तुझं स्वतःचं काहीच नाही, निष्कर्ष कुणी काढायचा? ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला कळलं की ती हसत नव्हती.

पण तिला एक गोष्ट साधली, ती बाकीच्यांना नाही साधली. रसायनात म्हणे असे रेणू असतात की दोघांचे अवयव तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. कितीही फिरवा, एकावर दुसरा बसत नाही. वर्गातली मुलं ते चित्रं काढून काढून घोकत होती. डेलियाने ते मला जेवणाच्या टेबलावर दोन हातांनी समजावलं, आणि मला, साठी उलटलेल्या बाईला, कळलं. आमच्या भाषेत वस्तू हवेत उभी करावी लागते, मागून-पुढून फिरवावी लागते. त्या सहामाहीत तिला बी मायनस मिळाली. आणखी झोपली असती तर बी मिळाली असती असं माझं मत.

बी मायनस बघून सल्लागाराने तिला बोलावून सांगितलं की आता एक काहीतरी सोड. त्यावर तिने डोकं चालवलं. दुभाष्याच्या पदवीला शेवटच्या वर्षी एक सहामाही प्रत्यक्ष काम करावं लागतं, अनुभवी दुभाष्याच्या देखरेखीखाली. डॉक्टरकीच्या अर्जालाही दवाखान्यातला अनुभव लागतो. तर तिने दुभाष्याचं काम दवाखान्यातच मागून घेतलं. एकच तास दोन्हीकडे लागणार. देखरेखीला गेल नावाची बाई होती. माझीच जुनी विद्यार्थिनी, उत्तम दुभाषी, फक्त गाडी कुठे लावली ते कायम विसरणारी. मला तो बेत पसंत पडला. तो दोन्हीकडून चांगला दिसत होता, आणि त्यातच त्याची गोम होती.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी डेलिया घरी आली ती फुललेली. "आज मी एका माणसाला वाचवलं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"ते नाही सांगायचं." बरोबरच होतं, दवाखान्यातली नावं दाराबाहेर आणायची नसतात. "त्याला डॉक्टर एक गोळी देत होता. तो माणूस घरी जे खातो त्याच्याशी त्या गोळीचं वाकडं होतं. हृदय बंद पडू शकतं. आम्ही ते त्याच आठवड्यात वर्गात शिकलो होतो. डॉक्टरचं लक्ष नव्हतं, टंकत होता. मी बोलले. त्याने गोळी बदलली, आणि मला म्हणाला की तुझ्या अर्जाला मी शिफारस देतो."

मी तिला मिठी मारली. अजून मला त्याचं काही वाईट वाटत नाही. तेवढं ऐकून कुणीही मारली असती.

शुक्रवारी क्लबात ऑगीने पत्ते वाटले नाहीत. गठ्ठा बाजूला ठेवला आणि सरळ सांगायला लागला. पाय सुजतात म्हणून तो दवाखान्यात गेला होता. दुभाषी म्हणून गेल आणि डेलिया. तपासणी संपत आली तशी गेल गाडी लावण्याचे पैसे भरायला बाहेर गेली. डॉक्टरने मिठाचं विचारलं, ऑगीने सांगितलं की नेहमीचं मीठ सोडलं, मुलीने दुसरं आणून दिलंय, तेच सगळ्यावर घालतो. डेलियाने ते डॉक्टरला सांगितलं.

"आणि मग ती पोरगी तोंडाने बोलायला लागली," ऑगी म्हणाला. "हात खाली. डॉक्टर तोंडाने बोलला. ती बोलली. तो बोलला. मी मध्ये खुर्चीवर, अंगात तो कागदाचा झगा. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणते कशी, 'नंतर सांगते'."

टेबलाभोवतीचे सगळे हात थांबले. हे ऐकू येणाऱ्यांना कसं समजावू? आम्ही बहुतेक सगळे ऐकणाऱ्या घरांत वाढलो. सणाच्या जेवणाला सगळं टेबल हसायचं, आपण आईचं मनगट ओढून विचारायचं काय झालं, आणि आई म्हणायची, नंतर सांगते. माझी आई फार चांगली बाई होती. तिच्या त्या नंतरची मी अजून वाट बघते आहे.

"मग सांगितलं का नंतर?" मी विचारलं.

"सांगितलं ना. 'गोळी बदलली.' बस. दोघं मिळून चांगला अर्धा रकाना बोलले, आणि माझ्या हातावर नुसता मथळा."

आमच्यातली बातमी सोमवारची वाट बघत नाही. शनिवारी दुपारपर्यंत ती गेलच्या कानावर गेली, आणि गेलने स्वतःहून कॉलेजला कळवलं की मी खोली सोडायला नको होती आणि डेलियाने हात सोडायला नको होते. कॉलेजने ऑगीला विचारलं, त्याने हरकत नोंदवली, आणि डेलियाचं काम थांबवलं गेलं. ठरलं असं की मिस्टर फिच यांनी हरकत मागे घेतली तर झालेले तास धरायचे. नाही घेतली तर पुढच्या वर्षी सगळी सहामाही नव्याने. आणि तसं झालं तर पदवी लांबणार आणि वैद्यकीय कॉलेजातला प्रवेश एक वर्ष मागे जाणार.

सल्लागाराने यावर तोडगा काढला. तो म्हणाला, दुभाष्याचा विषयच सोडून दे, तुझे इतके वर्ग झालेत की दुसऱ्या कुठल्याही विषयात सहज पदवी मिळेल. आणि ही हकीकत अर्जात घाल, मुलाखतीत तुला हेच विचारतील. त्याच एका मिनिटाबद्दल एका इमारतीत तिचं कौतुक चाललं होतं आणि समोरच्या इमारतीत चौकशी.

मला तिचा भयंकर राग आला होता. आमच्यात राग मनात ठेवायची पद्धत नाही. मी तिला टेबलापाशी बसवलं.

"माझं काय चुकलं ते मला कळतंय," ती म्हणाली, "पण मी गप्प बसले असते तर ते मेले असते."

"गप्प बस असं कोण म्हणतंय? बोलायचं होतंस. पण दोघांना. पाय ऑगीचे सुजलेत, डॉक्टरचे नाहीत."

"त्या क्षणी मला दुभाषी राहून चाललं नसतं."

"मग डॉक्टर झालीस का? डॉक्टरसुद्धा रोग्याला सांगतो. तू दोन्हीतली कुणीच नव्हतीस. तू नुसती ऐकू येणारी होतीस."

हे तिला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. ती वर गेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा जिन्याच्या फळ्यांनी मला काही कळवलं नाही.

पुढे तिने ऑगीला निरोपांवर निरोप पाठवले, त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. क्लबात तो पत्ते खेळेना. माझ्याशी भांडेना, ही तर फारच वाईट खूण. मार्चच्या मध्यावर एका रविवारी मी त्याला द्राक्षांची पाई, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला बोलावलं आणि डेलिया घरात असेल हे मुद्दाम सांगितलं नाही. तो आला, ती दिसली, तरी कोट काढून बसला. पाई माझ्या हातची होती.

डेलिया त्याच्यासमोर बसली. "मला तुमची माफी—"

ऑगीने हाताने तिचं वाक्य अडवलं. "माफ्या मला जन्मभर मिळाल्यात, ठेवायला जागा नाही. मला ते मिनिट दे. आता, इथे. डॉक्टरही तूच आणि तूही तूच. जे बोललात ते सगळं. एक शब्द गाळायचा नाही."

तिने खुर्ची मागे सरकवली आणि सरळ बसली. आमच्या भाषेत दोघांचं बोलणं एकट्याने दाखवायचं तर खांदे वळवायचे असतात. डावीकडे वळली की ती डॉक्टर, उजवीकडे वळली की डेलिया. ती सांगू लागली. उजवीकडून: हे जे दुसरं मीठ म्हणतात त्यात पोटॅशियम असतं, आणि ही गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते. डावीकडून: अरे हो, माझ्या लक्षातच आलं नाही, बरं झालं सांगितलंस. उजवीकडून: दोन्ही मिळून हृदयाला धोका आहे ना? डावीकडून: आहे, मी दुसरी गोळी लिहितो.

ऑगीचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. मध्ये त्याने विचारलेला प्रश्नही तिने दाखवला, आणि स्वतःचं ते 'नंतर सांगते'सुद्धा. मग ती पुन्हा डावीकडे वळली आणि तिचे हात हवेतच थांबले.

मी इतकी वर्षं दुभाषी घडवले आहेत. शब्द आठवत नाही म्हणून थांबलेले हात वेगळे आणि आठवतोय म्हणून थांबलेले वेगळे. खोलीत तेव्हा गेल नव्हती. तो डॉक्टर काही या टेबलावर येणार नव्हता. पुढचं गाळलं असतं तर जगात कुणालाही कळलं नसतं, आणि तिचं वर्ष समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर होतं. मला आतून वाटलं, गाळ बाई. हे मी शिकवलेल्या सगळ्याच्या विरुद्ध होतं, पण वाटलं.

तिने हात पुन्हा उचलले. डावीकडून: "त्यांना हे सगळं समजावत बसू नकोस. म्हातारा माणूस, त्यात बहिरा, उगाच गोंधळेल. गोळी बदलली एवढंच सांग."

मग ती उजवीकडे वळली, स्वतःकडे. "हो, तेच सोपं पडेल." आणि ती हसली. तिथे, त्या खोलीत ती जशी हसली असणार तसंच, डॉक्टरला बरं वाटावं म्हणून, जरासं. आमच्या भाषेत चेहरा हा बोलण्याचाच भाग असतो. हसू गाळलं असतं तर तेही गाळणंच झालं असतं. ते तिने गाळलं नाही. मग खांदे सरळ केले आणि तिचा चेहरा लालभडक झाला.

ऑगी टेबलावर पुढे झुकला. मग त्याने विचारलं, "संपलं?"

"संपलं."

"याच्यापुढे काही नाही?"

"काही नाही."

"म्हणजे मला कॅन्सर नाही."

डेलियाला आधी कळलंच नाही. मला कळलं. दोन माणसं तोंडाने गंभीरपणे बोलली, घाईघाईने गोळी बदलली, आणि त्याला काही सांगितलं नाही. ऐंशीला टेकलेल्या माणसाने त्यातून दुसरं काय वाचायचं?

"मीठ होतं?" त्याने पुन्हा विचारलं.

"मीठ होतं," ती म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात बोलण्यासाठी मोकळे हवे होते. "तुम्ही गेलला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं ना," ऑगी म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मी माझा मासेमारीचा गळ जावयाला देऊन टाकला, वर्ना. तोच, चांगला."

"उद्या परत माग," मी म्हणाले.

त्याने पाईचा एक तुकडा तोडला, खाल्ला, बोटं पुसली. "तो डॉक्टर गाढव आहे," तो डेलियाला म्हणाला. "आणि तू त्याला हो म्हणालीस. ते मी सोडणार नाही. कॉलेजला कळवतो की हरकत कायम आहे. ती सहामाही तू पुन्हा करायचीस."

तिचं वर्ष गेलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते; वाद घालेल, निदान डोळे खाली घालील असं मला वाटलं. ती म्हणाली, "बरं." सल्लागाराने दाखवलेली ती पळवाट तिला आठवत नसेल असं नाही. तिने ती घेतली नाही. त्या क्षणी मला वाटलं की ही माझ्या पोटची असती तर किती बरं झालं असतं.

"आणि त्यासाठी दुसऱ्या कुणा रोग्याला धरायचं नाही," ऑगी पुढे म्हणाला. "माझी तपासणी आता दर महिन्याला असते. तिथेच कर. गेल शेजारी बसेल. तिची गाडी मी स्वतः लावून देईन."

डेलियाने होकाराची मान डोलावली. मग बाहीने डोळे पुसले. ऑगीने तिला सावरायला वेळ दिला, मग टेबलावर थाप मारून तिचं लक्ष वेधलं.

"आता मला सांग, त्या मिठात असं असतं तरी काय? आणि ते हृदयाला करतं काय? मथळा नको."

तिने खुर्ची त्याच्यासमोर ओढली, दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून हृदय केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तो अडवत होता, उलटे प्रश्न विचारत होता, आपल्या पायांकडे बोट दाखवून मग हे का सुजतात असं खोदून विचारत होता, आणि ती प्रत्येक वेळी मागे जाऊन नव्याने सांगत होती. बाहेर दिवस मावळत आला. अंधारात आम्हाला बोलता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं तुटायच्या आत मी उठले आणि दिवा लावला.